हात तयार, वाचन कच्चं

पुण्याहून पौड रस्त्यानं भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकत निघालं की शिक्षणसंस्थांच्या पाट्या सुरू होतात. लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिसचा परिसर, त्याच गावात २०१५ साली विद्यापीठ झालेलं फ्लेम, पुढे खुबवलीला १९९७पासूनचं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज. या मुळशी तालुक्यातली ‘जागेला भाव आला’ची गोष्ट ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं सांगून झाली आहे, त्याच जागांवर वर्गही भरू लागले, हा तिचा कमी सांगितला गेलेला भाग. यातल्या प्रत्येक ठिकाणी चित्रकला शिकवतात असं नाही. पण पुण्याच्या भोवती कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांचं कडं गेल्या वीस वर्षांत तयार झालं आहे. विमाननगरला सिम्बायोसिसची डिझाइन संस्था २००४मध्ये आली, लोणी काळभोरला एमआयटीची २००६मध्ये. यांच्या माहितीपत्रकांत एक शब्द हमखास भेटतो : इलस्ट्रेशन. जुने लोक कथाचित्र म्हणत, बोधचित्र म्हणत, संपादक नुसतं ‘चित्रं’ म्हणत.

हा विषय महाविद्यालयात शिकवता येतो का? येत असेल तर शिकवायचं काय? आणि शिकवणाऱ्यानं स्वतः हे काम करत राहणं गरजेचं आहे का? माझं मत आधीच सांगून टाकतो. हात तयार करण्याचं काम आपल्या संस्था बऱ्यापैकी करतात. मजकूर वाचायला मात्र शिकवत नाहीत, आणि ज्याला मजकूर वाचता येत नाही तो उत्तम चित्रकार असू शकेल, कथाचित्रकार नाही.

सुरुवात मुंबईतून करावी लागते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथं १८६५मध्ये शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग स्वतः पुस्तकांसाठी काम करणारे कलावंत होते. पुढे मुलानं, म्हणजे रुडयार्डनं लिहिलेल्या ‘जंगल बुक’साठीही त्यांनी चित्रं केली. त्यामुळे या विषयाचा शिक्षक हा काम करणारा माणूस असतो, ही गोष्ट आपल्याकडे पहिल्या पिढीतच दिसते. तिचं सर्वांत ठळक देशी रूप म्हणजे म. वि. धुरंधर. कोल्हापूरचा हा मुलगा १८९०मध्ये जे. जे.त विद्यार्थी म्हणून आला, १८९६पासून तिथंच शिकवू लागला आणि १९३१मध्ये निवृत्त झाला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. या काळात त्यांनी तैलचित्रं केली, पोस्टकार्डं केली आणि पुस्तकांसाठी ढिगानं चित्रं काढली.

त्यातलं एक पुस्तक जवळून पाहण्यासारखं आहे. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्यानं श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावानं त्या १९१४मध्ये छापल्या गेल्या आणि चित्रं धुरंधरांची होती. लेखक परका, वाचक परका. कहाणीतली आवडती-नावडती राणी कशी बसेल, पदर कुठून घेईल, व्रताची पूजा मांडलेली असेल तर पाट कुठे नि समई कुठे, हे त्या पुस्तकातल्या इंग्रजी वाक्यांत नसतं. ते चित्रकाराला ठाऊक असावं लागतं. जे. जे.तल्या वर्गानं धुरंधरांना शरीरशास्त्र आणि छायाप्रकाश दिला. कहाणी मात्र त्यांना वर्गाबाहेरच मिळाली असणार. हे दुसरं शिक्षण तेव्हा गृहीत धरता येत होतं, कारण कहाण्या घराघरांत वाचल्या जात. आज ते गृहीत धरता येत नाही आणि अभ्यासक्रमात त्याची सोयही नाही.

महाविद्यालयाला समांतर अशी एक शाळा छापखान्यांत भरत होती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८मध्ये चित्रशाळा निघाली. राजा रविवर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना काही वर्षांत मळवलीला आला. मुळशीचे डोंगर उत्तरेकडे उतरलं की मावळातलं हे गाव लागतं. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. मूळ चित्र रंगारंगांत फोडून एकेका दगडावर उलटं काढायचं, मग एकावर एक छापताना सगळे रंग नेमके जुळले पाहिजेत. कोणता रंग आधी, कोणता नंतर, कुठे दोन रंग चढवून तिसरा काढायचा, हे सगळं कारागिरांनी कामावरच आत्मसात केलं. जे. जे.त शिकलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्याशी जोडलेले होते, आणि त्यांचा स्वतःचा ब्लॉक करण्याचा नि छपाईचा व्यवसायही जवळच्या लोणावळ्यातलाच. मळवलीत दगडांवर माणसं रंग फोडत होती त्याच दशकात, १८९४मध्ये, तिकडे अमेरिकेत हॉवर्ड पाइल या कथाचित्रकारानं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत इलस्ट्रेशनचा स्वतंत्र वर्ग सुरू केला. पुढे तो संस्था सोडून स्वतःची शाळा काढून बसला. विद्यार्थ्याला प्रसंगाच्या आत उभं राहता आलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. कथाचित्रकार एन. सी. वायेथ त्याचाच शिष्य.

आपल्याकडे जे. जे.त कमर्शियल आर्टचा विभाग निघायला १९३५ उजाडलं. १९६१मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. जाहिरातीचा धंदा वाढत होता, त्याला माणसं हवी होती. इलस्ट्रेशन या विभागात एक अंग म्हणून आलं आणि बरीच वर्षं अंगच राहिलं : चौथ्या वर्षी टायपोग्राफी, छायाचित्रण यांच्या शेजारी बसणारा एक पर्यायी विषय. या विषयाचं खरं पदव्युत्तर शिक्षण दिवाळी अंकांत झालं. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९मध्ये पायंडा पाडला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत चित्रकारांना दरवर्षी हमखास काम देणारी एक बाजारपेठ उभी राहिली. जे. जे.तून बाहेर पडलेले गोव्याचे दीनानाथ दलाल १९४५मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ काढून संपादकच झाले. रघुवीर मुळगावकर एस. एम. पंडितांच्या स्टुडिओतल्या उमेदवारीतून आले. शि. द. फडणीस जे. जे.तून शिकून आले आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर एकही शब्द न लिहिता लोकांना हसवू लागले, शालेय गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी केलेली चित्रं तर अनेकांना गणितापेक्षा जास्त आठवतात.

आता उलट बाजू. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.नं प्रवेशच नाकारला होता. वसंत सरवटे सिव्हिल इंजिनीअर, सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून चित्रं काढणारे. ‘ललित’मध्ये जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला त्यांनी जो चेहरा दिला, तो इतका पक्का बसला की लेखकाचं टोपणनाव म्हटलं की आधी चित्र डोळ्यापुढे येतं. मग महाविद्यालय हवं कशाला, असं कुणीही विचारेल. मला या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष वेगळा वाटतो. सरवटे जबरदस्त वाचक होते; परदेशी व्यंगचित्रकारांवर ‘परकी चलन’सारखं पुस्तक लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या चित्राचंही वाचन करत होता. ‘मौज’च्या पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे द. ग. गोडसे स्वतः कलासमीक्षक आणि इतिहासाचे लेखक. इंग्लंडातलं एकच उदाहरण देतो. कथाचित्रकार क्वेंटिन ब्लेक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये १९७८ ते १९८६ इलस्ट्रेशन विभागाचे प्रमुख होते, पण त्यांची स्वतःची पदवी केंब्रिजची आणि ती इंग्रजी साहित्यातली. वाचन पक्कं असेल तर हाताचं शिक्षण पुढे-मागे कुठूनही जमवता येतं. उलटं सहसा घडत नाही.

आजच्या वर्गाकडे येऊ. आपल्याकडे चित्रकलेची पायरी शाळेतच लागते : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांची. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. या गुणांनी परीक्षेला गर्दी आणली आणि गर्दीनं क्लासेस आणले. त्यातला स्मरणचित्राचा पेपर म्हणजे खरं तर कथाचित्राची बालवाडी. एक प्रसंग दिलेला असतो, तो आठवणीतून काढायचा. पण क्लासमध्ये हा पेपर कसा सुटतो ते सगळ्यांना माहीत आहे. पुढे तीन मोठ्या आकृत्या, एक पाठमोरी. मागे देऊळ किंवा दुकान. कोपऱ्यात झाडाची फांदी. प्रसंग बाजाराचा असो की जत्रेचा, मांडणी तीच. आठवणीचा पेपर पाठांतरानं सोडवायची ही सवय पुढे राज्याच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत जाते, कारण तिथंही वस्तुचित्र आणि स्मरणचित्र आहेच. बी.डेस.कडे जाणारी मुलं यूसीडची तयारी करतात. त्या परीक्षेत विचारशक्ती तपासतात हे खरं, पण तिचेही क्लासेस आता निघाले आहेत.

प्रवेश मिळाला की पहिलं वर्ष पायाभूत. लाइफ ड्रॉइंग, पर्स्पेक्टिव्ह, रंगसंगती, स्केचबुक. हे बहुतेक ठिकाणी चांगलं होतं, आणि मुलांचा हात पाहता पाहता सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टॅबलेट येतो, प्रोक्रिएट येतं, पिंटरेस्टवर ‘रेफरन्स’चे फलक जमू लागतात. इथं मुलांची स्टाइल तयार होते आणि मला नेमकी तीच चिंता वाटते. मजकूर हातात येण्याआधी स्टाइल पक्की झालेली असते. ज्युरीच्या दिवशी भिंतीवर लावलेल्या कामांत जपानी ॲनिमेची डोळे विस्फारलेली मुलगी, युरोपी चित्रपुस्तकातला धूसर हिरवा आणि इन्स्टाग्रामवरचा गुलाबी हे तिघं हमखास भेटतात. काम देखणं असतं. पण कोणत्या गोष्टीसाठी आहे हे खालची चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नाही.

उदाहरण म्हणून अगदी साधी ओळ घेऊ : ‘पाऊस थांबला नव्हता, आजी ओट्यावर बसून वाट पाहत होती.’ दहा विद्यार्थ्यांना दिली तर सात जण नऊवारीतली, अंबाड्याची, काठीवाली आजी काढतील, मागे तिरप्या रेघांचा पाऊस. आता हीच ओळ मुळशीत नेऊन वाचायची. जुलैतला मुळशीचा पाऊस तिरप्या रेघांचा नसतो. ताम्हिणीकडून येणारं धुकं आणि पाऊस एकच होऊन जातात, समोरची वाडी दिसत नाही. मग आजी वाट पाहतेय ती डोळ्यांनी की कानांनी? खाचरात भातलावणी चाललेली असेल तर घरातली धडधाकट माणसं तिकडे आहेत, घरात उरली आहे ती म्हातारी आणि लहान पोर. भिंतीला जुनं इरलं टांगलेलं असेल, किंवा आता प्लास्टिकचा निळा कागद. ओट्यावर ओल आहे म्हणून ती बसली असेल ती पोत्यावर. शिवाय गोष्टीत पुढे येणारा माणूस मुंबईहून येणार असेल तर आजीचं तोंड एसटीच्या थांब्याकडे हवं. यातला एकही तपशील ओळीत लिहिलेला नाही, पण ओळ नीट वाचली तर प्रत्येक तपशील तिच्यातूनच निघतो. इलस्ट्रेशनचा शिक्षक शिकवू शकतो ते हेच. रेषेची लकब शिकवायला आता यूट्यूब पुरतं.

म्हणून मुळशीसारख्या ठिकाणी भरणाऱ्या वर्गाचं मला विशेष वाटतं. भांडारकर रस्त्यावरच्या वर्गाला नसलेली गोष्ट याच्या दाराशी आहे. एका बाजूला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि माणचे रस्ते, दुसऱ्या बाजूला पौडची बाजारपेठ, पुढे धरणाचं पाणी. आणि त्या पाण्याखाली तर एक अख्खी गोष्ट आहे. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, पां. म. बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले, तरी धरण झालंच आणि १९२७मध्ये भिऱ्याला त्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. सत्याग्रही विनायकराव भुस्कुट्यांनी या लढ्यावर पुस्तक लिहून ठेवलं आहे. एका सत्रासाठी याहून भरगच्च मजकूर कुठे मिळणार? जुन्या नोंदी वाचा, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोला, पाणी उतरल्यावर काय उघडं पडतं ते पाहा, मग चोवीस पानी चित्रपुस्तक करा. त्याऐवजी ‘आपल्या आवडत्या परीकथेला नवं रूप द्या’ हाच प्रकल्प दिला जाणार असेल तर संस्था मुळशीत काय आणि मेलबर्नमध्ये काय.

यात भाषेची अडचण आहे, ती नाकारून चालणार नाही. या महाविद्यालयांत शिकवणं इंग्रजीत चालतं, मुलं देशभरातून येतात. ज्यांची घरभाषा मराठी आहे त्यांच्यातल्याही अनेकांनी सलग मराठी गोष्ट शाळेनंतर वाचलेली नसते. आणि इथं काम देणारे सर्वांत मोठे मराठी गिऱ्हाईक पुण्यातच बसलेले आहेत. ‘बालभारती’ १९६७पासून पाठ्यपुस्तकं काढते, तिचं कार्यालय सेनापती बापट रस्त्यावर आहे. मुळशीच्या सत्याग्रहाचा पुढारी आणि चित्रकारांना काम देणारी संस्था एकाच पत्त्यावर भेटतात, हा गमतीचा योगायोग. तिचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१पासून निघतंय आणि मराठी कथाचित्रांचा इतका सलग संग्रह दुसरीकडे मिळणं कठीण. ते अंक इंटरनेटवर उपलब्ध आहेत. इलस्ट्रेशन शिकणाऱ्या किती मुलांनी ते चाळले आहेत?

मजकूर आणि चित्र एकाच डोक्यातून आलं की काय होतं, हे माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांत दिसतं. त्या जे. जे.त शिकल्या, लेखिका झाल्या, गायल्या, नाटकांत कामं केली आणि मुलांसाठी लिहिताना चित्रं स्वतःच काढली. ‘राधाचं घर’मधलं घर पाहा. मध्यमवर्गीय मराठी घरातला पसारा तिथं जसाच्या तसा आहे, आणि त्या पसाऱ्यातूनच माणसांचे स्वभाव कळतात. टाटा ट्रस्ट्सचा पहिला ‘बिग लिटल बुक’ लेखन पुरस्कार २०१६मध्ये त्यांना मिळाला. याच्या दुसऱ्या टोकाला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे ऑनलाइन व्यासपीठ आहे, २०१५पासूनचं. तिथं एकच सचित्र गोष्ट अनेक भाषांत जाते. तरुण चित्रकारांना त्यामुळे काम मिळालं आणि खेड्यातल्या शाळांना फुकट पुस्तकं मिळाली, याचं मोल मोठं आहे. पण बंगाली, तमिळ, मराठी सगळीकडे चालावी म्हणून चित्रातल्या दुकानाची पाटी कोरी ठेवली जाते, स्वयंपाकघर कुणाचंच उरत नाही. सगळंच काम असं झालं तर आपल्या मुलांना स्वतःचं घर चित्रात दिसणार नाही.

शिक्षक कोण असावा या प्रश्नावर संस्थांची बाजूही समजून घ्यायला हवी. कायम पदासाठी पदव्युत्तर पदवी, नेट, पीएच.डी. अशी उतरंड आहे. दरवर्षी चार पुस्तकांची चित्रं करणाऱ्या माणसाकडे या गोष्टी क्वचित असतात, आणि ज्यांच्याकडे असतात त्यांचा वेळ नॅकच्या फायलींत जातो. परिणामी काम करणारा चित्रकार तासिका तत्त्वावर येतो, कार्यशाळा घेतो, सेल्फी काढून जातो. यूजीसीनं २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली : क्षेत्रातला साधारण १५ वर्षांचा अनुभव हवा, पदवीची सक्ती नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीला ही सोय लगेच पटते. खरी गरज आहे ती मुखपृष्ठं करणाऱ्या माणसाला वर्गात आणण्यासाठी, कारण संपादकानं परत पाठवलेलं चित्र कसं सुधारतात हे ज्याचं चित्र परत आलेलं आहे तोच सांगू शकतो.

आणि पैशाचं कुणीतरी शिकवा. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला प्रताधिकार कायद्याचं कलम १७ माहीत नसतं. मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या कलमानं पहिला मालक तो काम सांगणारा ठरतो. हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी हवेत, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कलम १९प्रमाणे पाच वर्षंच धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. हक्क विकले तरी चित्राखाली आपलं नाव मागायचा अधिकार कलम ५७ राखून ठेवतं. हे सगळं एका दुपारच्या तासात शिकवून होतं. तो तास नसल्यामुळे पहिल्या तीन-चार वर्षांतलं काम प्रकाशकाच्या, जाहिरात कंपनीच्या किंवा ॲपच्या मालकीचं होऊन जातं आणि मुलीला ते पोर्टफोलिओत लावायलाही परवानगी मागावी लागते.

यंत्रानं काढलेल्या चित्रांबद्दल थोडंच बोलतो, कारण गोंधळ फार आहे. ज्यांचं काम ‘नऊवारीतली आजी, तिरपा पाऊस’ इतकंच होतं त्यांचं काम यंत्र करणार, करतंच आहे. काही दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पाहिली तर सांगावंही लागत नाही. पोत्यावर बसून एसटीच्या थांब्याकडे कान लावलेली आजी अजून यंत्राला आपणहून सुचत नाही, कारण त्यासाठी ओळ वाचावी लागते.

आता प्रवेशाचे दिवस येतील. मुलांना घेऊन आईवडील लवळ्यापासून लोणी काळभोरपर्यंत हिंडतील, वसतिगृह पाहतील, मॅकची लॅब पाहतील, प्लेसमेंटचा आकडा विचारतील. त्यांना एकच सांगणं आहे. विभागप्रमुखांना आणखी दोन गोष्टी विचारा : इथं इलस्ट्रेशन शिकवणारे सर किंवा मॅडम सध्या कोणत्या पुस्तकाची चित्रं करताहेत, आणि मुलांना या वर्षी कोणकोणती पुस्तकं वाचायला लावली? दोन्हींची उत्तरं नावानिशी मिळाली तर फी भरा.